कोणाविरुद्ध तक्रार नाही

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मामा पुण्याला माझ्या फ्लॅटवर आले. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकची बटणवाली फाइल. चहा व्हायच्या आधीच त्यांनी ती फाइल माझ्यापुढे ठेवली.

"तू इंजिनिअर आहेस, इंग्रजी कागद वाचतोस. बघ जरा, यात काही आहे का."

फाइल दादाची होती. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. वय एकतीस. पहिल्यांदा त्याने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा मामा-मामींनी त्याला जिल्ह्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखल केलं. पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. "अजून नीट नाही तो, घरी न्यायची भीती वाटते," असं मामी तिथे दोनदा सांगून आली होती. उत्तर मिळालं, "गोळ्या चालू ठेवा, महिन्याने दाखवा." दादा घरी आला आणि आठवडा पूर्ण व्हायच्या आत गेला.

मी कागद चाळत गेलो. डिस्चार्ज कार्ड, दोन प्रिस्क्रिप्शनं, बिलं. त्याखाली पोलिसांचे कागद: आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मामांचा जबाब. जबाब मराठीत, कोणाच्या तरी घाईच्या अक्षरात. शेवटची ओळ अशी होती: माझा कोणावरही संशय नाही, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली मामांची सही.

"हे तुम्ही सांगितलंत?" मी विचारलं.

"मी कशाला सांगतोय? ते म्हणाले, सही करा, म्हणजे बॉडी लवकर ताब्यात मिळेल."

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमच्याकडेही 'पोस्टमॉर्टेम' होतं. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, लोकांचे पेमेंट अडकले, की दुसऱ्या दिवशी मीटिंग बसते. किती वाजता काय झालं, इशारा कधी आला होता, तो कोणी पाहिला, पाहून काय केलं, हे सगळं मिनिटामिनिटाने लिहून काढायचं. नियम एकच. माणसाला दोषी ठरवून विषय संपवायचा नाही, व्यवस्था कुठे कमी पडली ते शोधायचं. शेवटी 'पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार' अशी यादी आणि प्रत्येक कामापुढे एक नाव.

अर्ध्या तासाच्या बिघाडासाठी आम्ही एवढं करतो. इथे एक माणूस गेला होता, इशारा आधीच आला होता, मामीने तो तोंडी दोनदा दिला होता. आणि कागदावर काय होतं? शरीराचं पोस्टमॉर्टेम आणि एक वाक्य: तक्रार नाही. मधल्या पाच दिवसांबद्दल कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

तो प्रश्न विचारायची सोय कायद्यात आहे का, हे शोधायला मी बसलो. सुरुवात कलमांपासून केली आणि पोहोचलो साडेचारशे वर्षं मागे, इंग्लंडमधल्या एका विधवेपर्यंत.

मार्गारेटचा खटला

सर जेम्स हेल्स हे इंग्लंडमधले न्यायाधीश. राणी मेरीच्या काळात ते तुरुंगात गेले, तिथे मनाने पार खचले. सुटून आले आणि १५५४ मध्ये त्यांनी जीव दिला. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात आत्महत्या हा खून होता. मारणारा आणि मरणारा एकच, एवढाच फरक. त्या गुन्ह्याला लॅटिनमध्ये 'फेलो दे से' म्हणत. मेलेल्याला शिक्षा कशी करणार? तर त्याची मालमत्ता राजाकडे जमा व्हायची आणि प्रेताला ख्रिस्ती संस्कार मिळत नसत. कित्येकदा चौरस्त्यावर पुरत. म्हणजे शिक्षा भोगायची ती मागे राहिलेल्यांनी.

हेल्स यांच्याकडे पत्नी मार्गारेटबरोबर संयुक्त भाडेपट्ट्याने घेतलेली जमीन होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती तिच्याकडे यायला हवी होती. सरकारने ती जप्त करून दुसऱ्या गृहस्थाला दिली. मार्गारेट कोर्टात गेली. १५६२ च्या सुमारास निकाल लागला तो तिच्या विरुद्ध. वकिलांनी खूप कीस पाडला: गुन्हा नेमका कोणत्या क्षणी घडला, जिवंतपणी की मेल्यावर, कृतीचे भाग किती, मनात येणं, ठरवणं आणि करणं. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये कबर खोदणाऱ्यांचं जे विनोदी संभाषण आहे, ते याच युक्तिवादाचं विडंबन असावं असं अनेक अभ्यासक मानतात.

मला त्या युक्तिवादात एक गोष्ट खटकली. तुरुंगात त्या माणसाचं काय झालं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष होतं का, हे कोणीच विचारलं नाही. सगळी चर्चा मेलेल्याने काय केलं यावर. चौदा महिन्यांपूर्वीच्या आमच्या पंचनाम्यासारखीच.

अशा कुटुंबांना पहिली कायदेशीर मदत मिळाली ती वकिलांकडून नाही, शेजाऱ्यांकडून. संशयास्पद मृत्यू झाला की इंग्लंडमध्ये 'कोरोनर' नावाचा अधिकारी चौकशी करायचा आणि गावातल्याच लोकांची ज्यूरी निकाल द्यायची. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून या ज्यूरी वाढत्या प्रमाणात एक वेगळा निकाल देऊ लागल्या: मृताचं मन ठिकाणावर नव्हतं. तसं ठरलं की गुन्हा उरत नाही, गुन्हा नाही म्हणजे जप्ती नाही. विधवेचं घर वाचायचं. हे इतकं सर्रास झालं की अठराव्या शतकातले कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी तक्रार केली: ज्यूरींच्या मते जणू आत्महत्या केली हाच वेडाचा पुरावा!

दयेपोटी दिलेला हा निकाल होता. पण त्याची किंमत होती. 'वेडा होता' म्हटलं की विषय संपायचा. वेडा होता तर त्याची काळजी कोणी घ्यायची होती, हा पुढचा प्रश्न कोणी काढला नाही.

कायदा फार सावकाश बदलला. १८२३ मध्ये रस्त्यावर पुरणं बंद झालं. दफनभूमीत जागा मिळाली, पण रात्री नऊ ते बारामध्ये आणि प्रार्थनेशिवाय. १८७० मध्ये जप्ती गेली. आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही तो थेट १९६१ मध्ये.

कासिमबाजारची राणी, मुंबईचा हवालदार

हा कायदा जहाजातून आपल्याकडेही आला. कासिमबाजारचे तरुण राजा कृष्णनाथ यांनी १८४४ मध्ये कलकत्त्यात आत्महत्या केली. कलकत्त्यात इंग्रजी कायदा चालतो, म्हणून राजांची मालमत्ता सरकारजमा व्हायला हवी, असा दावा पुढे उभा राहिला. समोर होत्या त्यांच्या तरुण विधवा, राणी स्वर्णमयी. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १८६३ मध्ये निकाल लागला: इंग्लंडचा हा जप्तीचा कायदा इथल्या हिंदू रहिवाशांना लागू नाही. मार्गारेट हरल्यानंतर तीनशे वर्षांनी एक विधवा जिंकली.

पण तोवर दुसरी गोष्ट घडून गेली होती. मेकॉलेच्या मसुद्यातून तयार झालेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला. इंग्लंडने १९६१ मध्ये ते ओझं टाकलं. आपण ते पुढे वाहत राहिलो.

याला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला. मारुती श्रीपती दुबळ हे मुंबई पोलिसातले हवालदार. १९८१ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागला आणि त्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला. १९८५ मध्ये त्यांनी महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव द्यायचा प्रयत्न केला. आजारी माणूस वाचला, आणि त्याच्यावर ३०९ खाली खटला दाखल झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने, ३०९ कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंगाची नाही, उपचाराची गरज आहे, हा त्या निकालाचा गाभा.

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीही तेच म्हटलं. १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मात्र ते फिरवलं आणि कलम पुन्हा जिवंत झालं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं ११५ वं कलम म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्याच्यावर खटला चालवू नये. त्याच कलमाचा दुसरा भाग लोक सहसा वाचत नाहीत. त्यात म्हटलंय की पुन्हा तसा प्रयत्न होऊ नये म्हणून त्या माणसाला देखभाल, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि जुनं ३०९ त्यात आलंच नाही.

'गुन्हेगार' या शब्दापासून 'कर्तव्य' या शब्दापर्यंत यायला आपल्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली. पण ते कर्तव्य पाळलं नाही तर मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

प्रश्नाचं तोंड फिरलं कसं

इथे पुन्हा इंग्लंडकडे जावं लागतं, कारण हा प्रश्न तिथल्या कुटुंबांनी कोर्टात रेटून रेटून सोडवला.

१८४६ मध्ये, रेल्वेच्या अपघातांचे दिवस सुरू झाले तेव्हा, तिथे एक कायदा झाला: दुसऱ्याच्या चुकीने माणूस गेला तर कुटुंबाला नुकसानभरपाई मागता येईल. त्याच धर्तीवर १८५५ मध्ये आपल्याकडे प्राणघातक अपघात कायदा आला. तो आजही लागू आहे. नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी दावा करता येतो.

पण आत्महत्येच्या बाबतीत समोरून ठरलेलं उत्तर यायचं: 'त्यानेच केलं, आमचा काय संबंध?' १९८९-९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका विधवेने हे उत्तर मोडून काढलं. तिचा नवरा आत्महत्येच्या विचारांत आहे हे तिने पोलिसांना सांगितलं होतं. पोलिसांनी त्याला कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात पाठवताना ही माहिती पुढे दिलीच नाही. तिथे त्याने जीव दिला. कोर्टाने पोलिसांना जबाबदार धरलं. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दुसऱ्या एका प्रकरणात आणखी स्पष्ट केलं: जी गोष्ट होऊ नये म्हणून तुमच्यावर काळजी घ्यायची जबाबदारी होती, तीच गोष्ट घडली म्हणून तुम्ही जबाबदारीतून सुटता, असं म्हणता येणार नाही.

हे वाक्य मी फोनच्या नोट्समध्ये उतरवून ठेवलं.

मग मी राबोन प्रकरणापर्यंत आलो आणि वाचता वाचता थांबलो. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधली चोवीस वर्षांची मुलगी. एप्रिल २००५ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नानंतर हॉस्पिटलमध्ये दाखल झाली, स्वतःच्या संमतीने. काही दिवसांनी तिला दोन दिवसांसाठी घरी सोडलं. आईवडिलांना काळजी वाटत होती, वडिलांनी ती बोलूनही दाखवली होती. दुसऱ्याच दिवशी ती गेली.

आईवडिलांना नेहमीच्या कायद्याने 'वियोगाची' भरपाई मिळेना, कारण मुलगी अठराच्या वरची होती. त्यांनी मानवी हक्कांच्या कायद्याचा आधार घेतला. समोरचा युक्तिवाद होता की ती सक्तीने ठेवलेली रुग्ण नव्हती, तिला हवं तेव्हा जाता आलं असतं. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. ती आजारी होती, धोका खरा आणि जवळचा होता, हॉस्पिटलला तो माहीत होता, तेव्हा तिचा जीव जपण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हॉस्पिटलचं कर्तव्य होतं. रुग्ण आपणहून दाखल झाला होता की नाही, यावर ते कर्तव्य ठरत नाही.

भरपाई किती? आई आणि वडील प्रत्येकी पाच हजार पौंड. वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेरीसाठी. पैशासाठी कोणी हे करत नाही, हे या आकड्यावरूनच कळतं.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. तिथल्या कोरोनरच्या चौकशीत हॉस्पिटलकडे वकिलांची फौज असते आणि कुटुंबाला सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही; विशेष बाब म्हणून मागावा लागतो, आणि त्यासाठीची उत्पन्नाची अट २०२२ मध्ये निघाली. कोठडीत किंवा सरकारी देखरेखीखाली माणूस गेलेल्या कुटुंबांसाठी 'इन्क्वेस्ट' नावाची संस्था १९८१ पासून काम करते, ती उगाच नाही. इसेक्स परगण्यात २००० ते २०२३ या काळात मानसोपचाराच्या वॉर्डांशी संबंधित दोन हजारांहून जास्त मृत्यूंची 'लॅम्पार्ड चौकशी' बसली, तीही कुटुंबांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळेच.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार जवळची वाटली. असाच मृत्यू पुन्हा होऊ शकतो असं कोरोनरला वाटलं तर त्याला संबंधित संस्थेला लेखी अहवाल पाठवावाच लागतो: काय चुकलं, कशाची चिंता वाटते. संस्थेने ५६ दिवसांत उत्तर द्यायचं, काय बदलणार ते सांगायचं. हे अहवाल इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला असतात. मी कित्येक रात्री ते वाचत बसलो. डिस्चार्जची माहिती फॅमिली डॉक्टरला गेली नाही. कुटुंबाचा फोन आला, तो नोंदवला गेला नाही. पाठपुराव्याची तारीख कोणी दिलीच नाही. हे आमच्याच मीटिंगमधले कागद होते, फक्त सर्व्हरच्या जागी माणूस होता.

आणि मग कळलं की कोरोनर मुंबईतही होता. १८७१ च्या कोरोनर कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या शहरांत ही व्यवस्था होती. मुंबईतलं पद १९९९ मध्ये रद्द झालं. ती व्यवस्था आदर्श होती असा माझा दावा नाही. पण मृत्यूची उघड चौकशी करणारं, पोलिसांपेक्षा वेगळं एक ठिकाण आपल्याकडे होतं. आता पोलिसांचा पंचनामा उरला आहे, आणि त्याचं काम मृत्यू वरवर पाहता कशाने झाला एवढं लिहिण्यापुरतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सगळ्यात जास्त महाराष्ट्रात: २२,७४६. तेवढ्याच फाइली कुठल्या कुठल्या पोलीस ठाण्यांत पडून असतील. त्यांतल्या किती जबाबांची शेवटची ओळ मामांच्या जबाबासारखीच असेल?

मामांच्या फाइलवर

एका वकील मैत्रिणीला मी फाइल दाखवली. तिने पहिल्यांदा तारीख पाहिली. "चौदा महिने गेलेत. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत. १८५५ च्या कायद्याखालीसुद्धा मुदत दोनच वर्षं. दहा महिने आहेत तुमच्याकडे."

मामांची सही? ती म्हणाली, पोलिसांना दिलेल्या त्या जबाबाने हॉस्पिटलविरुद्ध दाद मागायचा हक्क जात नाही. मी हे मामांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. चौदा महिने त्यांना वाटत होतं की आपणच सही करून मुलाचं दार बंद केलं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. खासगी हॉस्पिटल होतं, पैसे भरले होते, म्हणून ग्राहक आयोगात जाता येत होतं; १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय असतं तर हा रस्ता नव्हता. दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला ग्राहक आयोगात शुल्क नाही. वकिलाचा खर्च? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे मामीला मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच कार्यालय असतं, १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक. मामी आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढली नव्हती. तिच्याच नावाने अर्ज गेला.

त्याआधी हॉस्पिटलचे पूर्ण कागद हवे होते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. रुग्णाच्या नातेवाइकांना कागद नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून ठेवलंय. मामा आधी दोनदा तोंडी मागून परत आले होते. या वेळी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कागद मिळाले.

त्यांत नर्सच्या नोंदींची पानं होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी निळ्या शाईत इंग्रजीत लिहिलं होतं की आईला रुग्णाला घरी नेण्याची भीती वाटते. त्याखाली कोणाचीही सही नाही, पुढे कसलीही नोंद नाही. थेट दुसऱ्या दिवसाचा डिस्चार्ज.

आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट आला होता, लॉगमध्ये होता, कोणी उघडला नाही.

२०१७ च्या कायद्याचं ९८ वं कलम नेमकं याबद्दल आहे. रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरने रुग्णाशी आणि तो ज्यांच्याजवळ राहणार त्या कुटुंबीयांशी बोलायचं आणि पुढचे उपचार कसे होतील याची योजना तयार होईल असं पाहायचं. दादाच्या डिस्चार्ज कार्डावर योजनेच्या नावाखाली तीन गोळ्या आणि 'एक महिन्याने' एवढंच होतं.

मैत्रिणीने मला हुरळून जाऊ दिलं नाही. डॉक्टरचा निष्काळजीपणा ठरवायची आपल्या कोर्टांची कसोटी १९५७ च्या 'बोलम' या इंग्रजी खटल्यातून आली आहे, आणि तो खटलाही एका मनोरुग्णालयातलाच; विजेचे झटके देताना हाडं मोडलेला रुग्ण कोर्टात गेला होता आणि हरला होता. त्या विषयातल्या जाणकार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला जे रास्त वाटेल तसं डॉक्टर वागला असेल, तर तो निष्काळजी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तीच कसोटी मान्य केली, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर फारच ढोबळ हलगर्जीपणा लागतो असं सांगितलं. शिवाय कोण कधी काय करेल हे चांगल्या डॉक्टरलाही नेमकं सांगता येत नाही. प्रत्येक आत्महत्येमागे कोणाची चूक असतेच असंही नाही. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मला डॉक्टरला जेलमध्ये नाही टाकायचं रे."

याच काळात सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल मी वाचला. विशाखापट्टणमला नीटच्या क्लाससाठी हॉस्टेलवर राहणारी सतरा वर्षांची मुलगी २०२३ मध्ये गेली. तिचे वडील चौकशी नीट व्हावी म्हणून लढत राहिले. उच्च न्यायालयाने नकार दिला, ते दिल्लीपर्यंत गेले. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, मानसिक आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या पंधरा सूचना एका वडिलांनी 'तक्रार नाही' असं म्हटलं नाही म्हणून आल्या.

मार्गारेटपासून या वडिलांपर्यंत मला एकच गोष्ट दिसते. कायदा आपणहून कधीच हलला नाही. मेलेल्याने काय केलं, हा प्रश्न त्याला सोपा जातो. ज्यांनी जपायचं होतं त्यांनी काय केलं, हा प्रश्न दर वेळी घरच्या कोणीतरी, तेही सुतक फिटायच्या आत म्हणावं तसं, उभं राहून विचारावा लागला आहे. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्यांच्यापुढे सहीसाठी कागद सरकवतो.

मामींच्या तक्रारीवर अजून निकाल नाही. तारखा पडतात. मामा सकाळच्या एसटीने जातात, संध्याकाळी येतात. विधी सेवेच्या वकिलीणबाईंनी पहिल्याच भेटीत मामीला विचारलं होतं, "तुम्हाला नेमकं काय हवंय? रक्कम किती टाकू?"

मामीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाली, "मी सांगितलं होतं, ते कोणीतरी ऐकायला पाहिजे होतं. एवढं त्यांनी कागदावर लिहून द्यावं. आणि पुढच्या बाईने सांगितलं तर ऐकावं."

वकिलीणबाईंनी रकमेच्या आधी तेच लिहिलं. तक्रारअर्जातली पहिली मागणी ती आहे. खाली मामीची सही आहे. या वेळी तिने कागद आधी पूर्ण वाचून घेतला होता.

(हे वाचताना तुमच्या किंवा जवळच्या कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही 'टेली मानस' ही सरकारी सेवा आहे, फोन मोफत आहे आणि रात्रीही कोणीतरी उचलतं.)